'प्रवास' हा शब्द मी पुन्हा का वापरायला लागले

नव्या उद्योजकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं की विषय ठरलेला असतो, 'माझा उद्योजकीय प्रवास'. वापरून वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. नोकरी सोडली तो प्रवास, दुकान टाकलं तो प्रवास, दुसऱ्या वर्षी दुकान बंद केलं तोही प्रवास. मी बरीच वर्षं हा शब्द कटाक्षाने टाळला. बँकेला दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी 'झेप' लिहिलं होतं, घरी बोलताना 'ग्रोथ' म्हणायचे. आज मात्र आमच्या फळप्रक्रियेच्या धंद्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की हाच शब्द घ्या, कितीही घासलेला असला तरी. झेप म्हटली की माणूस विचारतो, किती उंच? प्रवास म्हटलं की घरातली म्हातारी माणसं आधी विचारतात, वाटखर्चाचं काय? २०२२ मध्ये मला हे कुणी विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही.

माझं काम सासवडजवळ सीताफळाचा गर काढण्याचं. पुण्यात एका खाद्यपदार्थ कंपनीच्या लॅबमध्ये काही वर्षं नोकरी केली, मग २०१७ पासून सासरच्या वाडीवर हे सुरू केलं. लायसन्स, मशीन, पॅकिंग याबद्दल इथे लिहीत नाही, ते सगळं तुम्हाला माहीत असेल किंवा आठवडाभरात कळेल. त्यात कुणी बुडत नाही. मी जिथे बुडता बुडता वाचले ती जागा वेगळी आहे, आणि ती लांबून अगदी यशासारखी दिसते.

आधी फळाबद्दल दोन गोष्टी, कारण सापळा तिथेच आहे. सीताफळ झाडावरून उतरवलं की तीन-चार दिवसांत पिकतं. पिकलं की एक-दोन दिवसांत गर काढावा लागतो, नाहीतर फळ गेलं. गर तापवला की कडू होतो, त्यामुळे आंब्यासारखा उकळून डबाबंद करता येत नाही. हवा लागली की काळवंडतो. म्हणजे गोठवणं हाच मार्ग, उणे अठरा अंशांच्या खाली. फळाचा मुख्य भर ऑगस्ट ते नोव्हेंबर. गर विकला जातो तो मुख्यतः आइस्क्रीमवाल्यांना, आणि त्यांची खरेदी वाढते उन्हाळ्याच्या तोंडावर. खरेदी चार महिन्यांत आटपायची आणि विक्रीची वाट पुढचे सहा महिने पाहायची, अशी या धंद्याची घडणच आहे. मला हे माहीत होतं. त्याचा पैशाशी संबंध मी लावला नव्हता.

२०२१ च्या हंगामात मी चार टन गर काढला आणि सगळा विकला गेला. मोठ्या ग्राहकाने पुढच्या वर्षी दहा टनांची तयारी दाखवली. त्या सुमारास मी दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले होते. तिथले मार्गदर्शक सांगत होते, ऑर्डर हातात आली की पैसा आपोआप मागे येतो, तुम्ही फक्त मोठा विचार करा. मी वहीत ते वाक्य खाली रेघ मारून लिहून घेतलं.

गणित कागदावर सुरेख होतं. दहा टन गरासाठी पंचवीस टन फळ. तीस रुपये किलोने साडेसात लाख. फळं फोडण्या-सोलण्याची मजुरी आणि वीज अडीच लाख. पॅकिंग, शीतगृहाचं भाडं, वाहतूक दीड लाख. एकूण साडेअकरा. गर दीडशे रुपये किलोने गेला की पंधरा लाख. साडेतीन लाख नफा. मी हा कागद सासूबाईंना दाखवला, बँकेच्या साहेबांना दाखवला. सगळ्यांनी मान डोलावली. कागदात चूक नव्हती. आजही मला त्यात एकही आकडा चुकीचा सापडत नाही. त्यात तारखांचा रकाना नव्हता, एवढंच.

हे जरा सावकाश सांगते, कारण नवीन लोक नेमके इथेच घाईने पुढे जातात. एक किलो गर डोळ्यांसमोर ठेवा. १० सप्टेंबर २०२२ ला मी त्यासाठी अडीच किलो फळ घेतलं, पंचाहत्तर रुपये. शेतकऱ्याला आठवड्याच्या हिशेबाने रोख. सोलणाऱ्या बायकांना शनिवारी पगार. गर पिशवीत भरून शीतगृहात गेला, तिथलं भाडं दरमहा. १३ फेब्रुवारीला माल उचलला गेला, त्या दिवशी बिल केलं. फेब्रुवारीच्या बिलावरचा जीएसटी २० मार्चपर्यंत भरायचा, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. फळ शेतकऱ्याकडून घेतलेलं, त्यावर कर नाही, म्हणून भरायच्या करातून वजा करायला माझ्याकडे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला कर, फारसं नव्हतं. तो करही खिशातून गेला. ग्राहकाने साठ दिवसांत पैसे द्यायचे असं बोलणं झालं होतं. पैसे आले २६ मे रोजी. बिलापासून १०२ दिवस, आणि फळ घेतल्यापासून २५८. त्या एका किलोवर मला पस्तीस रुपये सुटले हे खरं, पण पंचाहत्तर रुपये साडेआठ महिने माझ्याजवळ नव्हते. आता याला दहा हजारांनी गुणा.

माझ्याजवळ स्वतःचे चार लाख होते आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, तीन लाखांची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही संपलं. फळ थांबवता येत नव्हतं, कारण झाडावरचं फळ माझ्या बँकेसाठी थांबत नाही. दागिने तारण ठेवले. तरी नोव्हेंबरात तीन आठवड्यांचे पैसे शेतकऱ्यांना द्यायचे राहिले.

एक संध्याकाळ विसरत नाही. शेडमध्ये बायका पाटांवर बसून फळं फोडत होत्या, बिया खाली घमेल्यात टपटप पडत होत्या. आमच्या शेजारच्या वाडीवरचे एक आजोबा रिकामे क्रेट न्यायला आले. क्रेट उचलले नाहीत. उलटा क्रेट टाकून त्यावर बसले आणि बराच वेळ नुसते फळांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, मोठं काम काढलंस, चांगलंय. पण खतवाल्याला मी उद्याचा शब्द दिलाय." त्यांना माझ्या शीतगृहात सहा टन गर आहे, तो नऊ लाखांचा आहे, हे सांगून काय उपयोग होता? दुसऱ्या दिवशी माहेरून उसने आणून त्यांचे पैसे चुकते केले. इतरांना डिसेंबर उजाडला.

धंदा वाढताना पैसा संपतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण मंद धंद्यात माणूस हळूहळू अडचणीत येतो, तर वाढत्या धंद्यात दोन महिन्यांत. दरवर्षी दुप्पट करायचं म्हणाल तर दरवर्षी दुप्पट पैसा आधी अडकवावा लागेल, आणि मागच्या वर्षीचा नफा त्याला कधीच पुरत नाही. तुमची ऑर्डर वाढली असेल आणि झोप कमी झाली असेल, तर आजच वहीत तारखा मांडायला बसा.

घाबरून मात्र जाऊ नका. अशा अडचणीत सापडणं म्हणजे धंदा चुकीचा आहे असं नव्हे. माझे सगळे पैसे आले, एक रुपया बुडाला नाही. दागिनेही जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आणले.

त्याच महिन्यात, २०२३ च्या जूनमध्ये, माउलींची पालखी आली. पुण्याहून सासवडचा टप्पा लांब, आणि त्यात दिवे घाटाची चढण. सासवडला दोन मुक्काम असतात. एक दिंडी दरवर्षी आमच्या अंगणात उतरते. दिंडीच्या कोठीचा हिशेब ठेवणारे काका रात्री ओट्यावर वही उघडून बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि वही बघतच राहिले. प्रत्येक मुक्कामाला एक ओळ. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, थेट वाखरीपर्यंत. ओळीत माणसं किती, पीठ किती, सिलिंडर किती, टँकरचं डिझेल किती, आणि शेवटच्या रकान्यात पुढचा शिधा कुठे भरायचा. पंढरपूर किती लांब आहे हे त्या वहीत कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "पंढरी आहे तिथंच आहे गं. माणसं उपाशी राहता कामा नयेत."

आणि घाट. लहानपणापासून बघत आलेय, पण त्या वर्षी वेगळं दिसलं. दिवे घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ सुरू व्हायच्या आधी त्या पायथ्याला तयार असतात, अर्ध्या चढावर रथ अडल्यावर कुणी बैल शोधायला जात नाही. वर पोचलं की सोडून देतात. मी माझा हंगाम एकाच जोडीवर चढायला निघाले होते आणि मध्यावर बैल मागत फिरत होते.

त्या रात्रीपासून 'प्रवास' हा शब्द माझ्यासाठी पुन्हा कामाचा झाला. मेळाव्यात तो पोचलेली माणसं वापरतात, मागे वळून बघताना. तो निघायच्या आधी वापरायचा आहे, तेव्हा त्याच्यासोबत त्याचं सगळं गणगोत येतं: शिदोरी, टप्पा, मुक्काम, विसावा, सोबत. 'ग्रोथ' म्हटलं की थांबणं म्हणजे अपयश. प्रवासात मुक्काम हा हिशेबात धरलेलाच असतो. २०२३ ला मी ठरवून सहाच टन गर काढला. ओळखीचे लोक विचारायचे, काय, धंदा बसला का? मी सांगायचे, मुक्काम आहे. त्या एका शब्दाने मला लाज वाटायची थांबली.

आता कामाच्या गोष्टी, जशा सुचतील तशा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, सगळेच करतात, पण तो क्रमांक बिलावर छापा आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते ऑर्डरवर लिहून घ्या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मी साठ दिवसांना हो म्हटलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल आहे: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणून मार्चमध्ये नम्रपणे आठवण करून दिली की त्यांचा अकाउंट्स विभाग आता ऐकतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. तक्रार करण्याची वेळ मी येऊ दिली नाही. पुढच्या हंगामात तोच ग्राहक हवा असतो, हे मला कळतं. पण क्रमांक छापायला कुणाची हरकत नसते.

बँकेची मर्यादा वाढवून घ्यायची तर ऑगस्टच्या आधी, एप्रिल-मेमध्येच अर्ज करा. हंगामात गेलात तर अडलेला माणूस म्हणून बघतात. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं ३५ टक्के अनुदान चांगलं, मिळत असेल तर जरूर घ्या, पण ते कर्जाशी जोडलेलं असतं. त्यातून शनिवारचा पगार निघत नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्याने तुम्हाला त्याच्या वाईट वर्षाचं पासबुक दाखवलं, त्याचंच ऐका. कार्यशाळेच्या फीमध्ये एखाद्या चांगल्या सीएचे दोन तास मिळतात, त्याच्यासमोर तारखांचा कागद ठेवा.

माझी वही आता कोठीच्या वहीसारखीच आहे. आठवड्याला एक ओळ, जून ते मे, बावन्न ओळी. शेवटच्या रकान्यात 'शिधा कुठून'. यंदा आठ टनांचं ठरलंय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या ओळीसमोर वाढीव मर्यादेचा आकडा आत्ताच भरलाय, आणि नोव्हेंबरच्या चारही ओळींत सगळ्यात वर त्या आजोबांचं नाव आहे.