चाकावरचा कप: आधी बुडाकडे बघा

चाकावर पहिल्यांदा बसणाऱ्याचं सगळं लक्ष कपाच्या काठाकडे असतं. काठ वाकडा झाला की तो हळहळतो. वाकड्या काठाचं काय एवढं, चहा त्यातूनही पिता येतो. पण चिरलेलं, ठोकळ्यासारखं जाड राहिलेलं किंवा भट्टीच्या फरशीला चिकटलेलं बूड कशानंच सुधारत नाही. म्हणून ही कृती मी बुडावर नजर ठेवूनच सांगते.

लाल माती माठ-पणत्यांना उत्तम. चहाच्या कपासाठी मात्र स्टोनवेअर माती घ्या. पूर्ण भाजल्यावर ती पाणी जवळजवळ शोषत नाही. पिशवीत तयार मिळते. एका कपाला 400 ग्रॅम पुरे. ती मळायची, पण कणकेसारखी नाही. कणकेला आपण घड्या घालतो आणि घडीत हवा अडकते. इथे तळव्यांनी पुढे-खाली रेटायचं, उचलायचं, पुन्हा रेटायचं, असं पन्नासेक वेळा. मग तारेनं गोळा कापून बघा. भोकं दिसली तर परत मळा. हवेच्या बुडबुड्यामुळे भांडं भट्टीत फुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर फोडते ती आत राहिलेली ओल. बुडबुडा नडतो तो चाकावर, भिंत वर ओढताना.

आता चाक. आपल्या कुंभारांचं पारंपरिक चाक काठीनं फिरवतात. स्टुडिओत विजेचं असतं. चाकाची तबकडी कोरडी हवी, नाहीतर गोळा घसरतो. गोळा मधोमध आपटून बसवा, हात ओले करा, चाक वेगात आणि घड्याळाच्या उलट दिशेनं सोडा. डावं कोपर मांडीला घट्ट टेकवा. डावा तळवा बाजूनं रेटेल, उजवा वरून दाबेल. पहिले चार-पाच दिवस गोळाच तुम्हाला हलवेल. जोर दंडात नसतो, टेकवलेल्या कोपरात असतो, हे एकदा अंगात मुरलं की गोळा गप बसतो. हात काढताना अगदी सावकाश काढा. झटक्यानं काढले की केंद्र गेलंच.

अंगठ्यानं मध्यात खळगा करा. बूड 6 ते 8 मिलिमीटर ठेवा, सुई टोचून मोजा. इथेच बहुतेक जण घाई करतात. खळगा झाला की लगेच भिंत ओढायची नाही. बोटांनी मध्यापासून कडेपर्यंत आणि परत मध्यापर्यंत बूड तीन-चार वेळा दाबून घ्या. न दाबलेल्या बुडाला वाळताना किंवा भाजताना मधोमध नागमोडी चीर पडते. आत साचलेलं पाणीही स्पंजनं टिपा. तेही याच चिरेचं एक कारण.

भिंत ओढताना वेग निम्म्यावर आणा. डाव्या हाताची बोटं आत, उजव्याची बाहेर, कपाच्या उजव्या अंगाला. खालून वर एकाच संथ चालीनं जा. चाकाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत हात फार वर सरकता कामा नये, नाहीतर भिंतीला मळसूत्रासारखे आटे पडतात. तीन-चार ओढींत उंची आली पाहिजे. जास्त ओढलात तर माती पाणी पिऊन बसकण मारते. कप वाटतो त्यापेक्षा मोठा करा. वाळून, भाजून होईपर्यंत तो साधारण दहा-बारा टक्के आकसतो. शेवटी बुडाखालून तार फिरवून उचला.

वाळवण हवेवर अवलंबून. मुंबईच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतील, पुण्याच्या एप्रिलमध्ये सकाळचा कप दुपारी हातचा गेलेला असेल. तेव्हा प्लास्टिकनं झाका. माती चामड्यासारखी घट्ट झाली, नखाचा वण उठतो पण बोटाला चिकटत नाही, की कप चाकावर उलटा ठेवून बूड तासा. किती तासायचं? गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कच्चं मडकं ओळखल्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. इथे बोटाची टिचकी पुरते: जाड बूड बद्द वाजतं, पातळ होऊ लागलं की आवाज पोकळ येतो. आवाज बदलला की थांबा. कान जोडायचा तर तोही आताच, दोन्ही बाजू खरवडून आणि मध्ये पातळ चिखल लावून.

पूर्ण वाळलाय का, हे गालाला लावून कळतं. गार लागला तर अजून ओल आहे. मग पहिली भाजणी, सुमारे 1000 अंश सेल्सिअस. 100 अंशांपर्यंत अगदी हळू जा, आणि 573 अंशांच्या आसपासही. तिथे मातीतल्या क्वार्ट्‌झचा आकार अचानक बदलतो.

आता ग्लेझ. ही म्हणजे भांड्यावर वितळलेली काच. सिलिका काच बनवते, फेल्डस्पार हे खनिज तिला वितळवतं, चिनी माती तिला भिंतीवर धरून ठेवते. नवख्यांनी तयार ग्लेझ घ्यावी, शिसं नसलेली आणि तुमच्या मातीच्याच तापमानाची, म्हणजे बऱ्याचदा 1220 ते 1240 अंशांची. कोरडी पूड हाताळताना योग्य मास्क लावाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते.

भाजलेला कप ओल्या स्पंजनं पुसा, बुडाला मेण लावा, म्हणजे तिथे ग्लेझ धरत नाही. आत ग्लेझ ओतून, फिरवून ओतून टाका. बाहेरून तीन सेकंद बुडवा. थर एक मिलिमीटरच्या आत हवा. पिन ओढून बघा. मग मेण लावलेलं असलं तरी बूड पुन्हा पुसा, भिंतीवरही तीन मिलिमीटरपर्यंत. माझा पहिला निळा कप हे एक पुसणं राहिल्यापायी भट्टीच्या फरशीला असा चिकटला, की छिन्नी आणावी लागली. कप गेला, फरशीचे पैसे वेगळे.

दुसऱ्या भाजणीनंतर भट्टी 100 अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नका. थंड झालेल्या कपाचं बूड ओल्या पॉलिश पेपरवर घासा, पाणी भरा आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर ओला गोल उमटला असेल, तर माती पुरती भाजली गेलेली नाही. त्या कपात चहाऐवजी पेनं ठेवा.