लोड फ्लो कन्व्हर्ज झाला, म्हणून लगेच खूश होऊ नका: या चुका टाळा

फीडरच्या (सबस्टेशनहून ग्राहकांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीच्या) लोड फ्लोचा, म्हणजे कुठे किती व्होल्टेज आणि पॉवर हे काढणारा, कोड ‘चालतोय’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: करंट काढताना कॉन्ज्युगेट (‘जे’ असलेल्या, म्हणजे काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलेली संख्या) घेतलास का?

पॉवरला व्होल्टेजने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा कॉन्ज्युगेट घ्यायचा. तो विसरला तरी प्रोग्राम कुरकुरत नाही, हीच पंचाईत. बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप (टोकाकडून करंट बेरजत मागे, मग व्होल्टेज काढत पुढे, अशी फेऱ्यांची पद्धत) चार-पाच फेऱ्यांत निमूट कन्व्हर्ज होतो, म्हणजे उत्तर स्थिरावतं, फक्त लोडची रिॲक्टिव्ह पॉवर (पॉवरचा ‘जे’ असलेला भाग) उलटी धरून. दोन बसचं (जोडबिंदूंचं) गणित हातानेच करून बघा. सोर्स १.०, लाइनचा इंपिडन्स ०.०५ + जे ०.०४, लोड ०.८ + जे ०.६, सगळं पर युनिटमध्ये, म्हणजे ठरवलेल्या बेसच्या पटीत. पहिल्या फेरीत टोकाला व्होल्टेज ०.९३६ यायला हवं. कॉन्ज्युगेट राहिला तर येतं ०.९८६. इतकं गोंडस उत्तर कोण तपासतो?

मीही नव्हतं तपासलं. एका फीडरच्या टोकाला कपॅसिटर टाकून पाहिला, तर वर जायला हवं ते व्होल्टेज चक्क खाली आलं. तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी कपॅसिटरचं चिन्ह फिरवलं, व्होल्टेज वर गेलं आणि मी समाधानाने घरी गेलो. पुढे दोन आठवडे त्याच कोडवर तोट्याचे तक्ते काढले. सगळे फेकावे लागले. तेव्हापासून कुठलाही नवा कोड आधी दोन बसवर, कागद शेजारी ठेवून.

पर युनिटचा बेस: थ्री-फेज एमव्हीए घेतलं तर व्होल्टेजही लाइन-टू-लाइनच. फेज व्होल्टेज घेतलंत तर प्रत्येक इंपिडन्स तिप्पट होतो.

फास्ट डिकपल्ड (न्यूटन-रॅफसन या लोड फ्लोच्या पद्धतीचीच सोपी केलेली आवृत्ती) फीडरवर अडखळला की लोक न्यूटन-रॅफसनला शिव्या घालतात. रेझिस्टन्स रिॲक्टन्सपेक्षा बराच लहान, हे गृहीतक फास्ट डिकपल्डचं. वितरणाच्या लाइनवर ते टिकत नाही.

टॉलरन्स, म्हणजे कितीची चूक चालवून घेऊन थांबायचं ती मर्यादा, ०.०१ इतकी सैल ठेवून ‘दोन फेऱ्यांत झालं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

शेवटी कोड पडताळायला बॅरन-वू या संशोधकांचं १९८९ चं ३३ बसचं नेटवर्क चालवा: १२.६६ केव्ही, लोड ३.७१५ मेगावॅट. तोटा सुमारे २०३ किलोवॅट आणि बस १८ वर व्होल्टेज ०.९१३ आलं पाहिजे. तोटा २११ आला तर कोड उघडण्याआधी ७-८ ही लाइन बघा; काही डेटामध्ये तिचा रेझिस्टन्स ०.७११४ ऐवजी १.७११४ ओहम असतो.