शिकताना कर्ज झालं असेल तर कुठं जायचं

जून आला की आपल्याकडं दोन खर्च एकदमच येतात: पेरणी आणि पोरांची ॲडमिशन. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येणार, स्कॉलरशिप बऱ्याचदा त्याच्याही नंतर. तोवर रूमचं डिपॉझिट, मेस, अभ्यासिका, परीक्षा फॉर्म सगळं उसनवारीवर. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात शिकताना माझ्या आजूबाजूची पोरं याच काळात कर्जात अडकलेली पाहिली. उधळे त्यात फार थोडे होते. त्यामुळं लाजू नका, लवकर बोला.

आधी वहीत सगळी देणी लिहा: कुणाचं, किती, व्याज काय. मेसवाले आणि घरमालक समोर जाऊन तारीख सांगितली की बहुतेकदा थांबतात. फोन उचलायचं बंद केलं की बिथरतात.

खरा धोका लोन ॲपचा. माझ्या रूममेटनं मेसच्या बिलासाठी एका ॲपवरून पैसे घेतले. खात्यात कापून कमी आले, आठवड्यात पूर्ण मागायला लागले आणि मग त्याच्या मामाला, वर्गातल्या मुलींना घाणेरडे मेसेज जायला लागले. आम्ही सगळे स्क्रीनशॉट काढले, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली. त्याच रात्री त्यानं घरी स्वतःच सगळं सांगितलं. तेव्हापासून त्या मेसेजची भीतीच गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो बघता येत नाहीत आणि कर्ज बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून (बँक नसलेली, पण रिझर्व्ह बँकेकडं नोंदणी असलेली वित्त कंपनी) थेट तुमच्या खात्यात यायला हवं. ॲपवर त्यांचं नावच नसेल तर हात लावू नका. एक ॲप फेडायला दुसरं तर कधीच नाही. मन फारच खचलं असेल तर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी तुमच्या फीसाठी सावकाराकडून पैसे घेतले असतील तर त्याच्याकडं परवाना आहे का बघा. नसेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायची. 2014 च्या सावकारी कायद्यानं परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मुलींना आणि एससी, एसटी विद्यार्थ्यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता हक्काचा पैसा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. 'स्कॉलरशिप मंजूर झाली पण पैसे आले नाहीत' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: आधार कोणत्या खात्याला सीड आहे, म्हणजे सरकारी पैसे यायला जोडलंय? पैसा त्याच खात्यात जातो, मग ते गावाकडचं बंद पडलेलं का असेना. बँकेत जाऊन सीडिंग बदलून घ्या. विद्यापीठात 'कमवा व शिका'चीही चौकशी करा, महिन्याचा मेसचा भार हलका होतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. नोकरी लागायला उशीर होतोय असं दिसलं की हप्ता चुकायच्या आधीच शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.