क्राइम थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: काय पाळायचं, काय मोडायचं

मास मीडियाच्या मुलांना ‘क्राइम थ्रिलरची पहिली दोन मिनिटं शूट करून आणा’ असं सांगितलं की हमखास काय येतं? रात्र, हुडी घातलेला मुलगा, काळे हातमोजे, धावणारी मुलगी आणि एक किंकाळी. यातलं काहीच चूक नाही. पण सगळंच ओळखीचं असलं की प्रेक्षक आपल्या पुढे निघून जातो. सगळंच मोडलं, तर हा थ्रिलर आहे हेच त्याला कळत नाही. माझा हिशेब सोपा आहे: बहुतेक संकेत, म्हणजे थ्रिलरच्या ठरलेल्या गोष्टी, पाळा, एखाददुसराच मोडा.

पायरी १: यादी करा. कागदावर चार रकाने आखा: जागा आणि वेळ, माणसं, आवाज, लपवलेली माहिती. आवडत्या थ्रिलर्सच्या सुरुवाती पाहून ते भरा. मात्र चौथ्या रकान्यातलं काही मोडू नका. प्रेक्षकाला प्रश्न पडलाच नाही, तर थ्रिलर उरतच नाही.

पायरी २: मोडायचा संकेत निवडा. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा जर्मन सिनेमा ‘एम’ (१९३१) पाहा. सुरुवातीला ना अंधार, ना रक्त. दिवसाढवळ्या मुलं खेळतायत, एक आई मुलीसाठी जेवणाचं ताट मांडून वाट बघतेय. त्या मुलीचा खून दिसतच नाही. दिसतं ते रिकामं ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. पण खुन्याची सावली आणि त्याची शीळ हे थ्रिलरचे घटक लांगने सोडलेले नाहीत. म्हणून तर तो फुगा अंगावर येतो.

पायरी ३: प्रसंग रचा. समजा, रविवारची दुपार. स्वयंपाकघरात आजी मटार सोलतेय. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात. शेंग मोडल्याचा आवाज, टीव्हीवर कसलीशी मालिका. इतक्यात सालांच्या ढिगाखाली मोबाइल वाजतो. आजी साल बाजूला करते. स्क्रीनवर नाव: ‘आई’. म्हणजे फोन आजीचा नाही, हे न सांगता कळलं. ती तो वाजू देते, पदराने नीट पुसते आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसते. झाकण लावल्यावर रिंग दबकी ऐकू येत राहते. दारावर थाप पडते. बाहेरून शेजारीण विचारते, ‘आजी, आमचा सुम्या आलाय का हो इकडे?’ कट.

क्लोज-अप, न दाखवलेला चेहरा, कोडं, बेचैन करणारा आवाज हे सगळं जागेवर आहे. मोडलं काय, तर अंधार आणि ठरावीक खलनायक. तसे ते दोन झाले, पण एकाच आजीच्या पदराखाली आले म्हणून चालतील.

पायरी ४: शूटिंग. दिवसाच्या प्रसंगाचा एक व्यावहारिक फायदाही आहे: अंधारात मोबाइलचा कॅमेरा चित्र दाणेदार करून टाकतो. खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या आणि दुसऱ्या बाजूला काळी चादर धरा, सावली गडद होते. थर्माकोलचा पांढरा तक्ता धराल तर उलट सावली फिकी पडेल. ट्यूबलाइट लावावीच लागली, तर कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने यात लुकलुक सहसा टळते. एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा, नाहीतर हात हलला की चित्र उजळत-मावळत राहतं.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा. मटारच्या शेंगेजवळ माइक नेऊन दहा-बारा शेंगा मोडा, मग सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घ्या. एडिटिंगमध्ये सांधे याच शांततेने बुजवायचे असतात. मुलं हे हमखास विसरतात, आणि मग पार्श्वसंगीताने पोकळी भरत बसतात.

पायरी ५: नामावली. नावं शेंगांच्या मोडण्याच्या लयीत एकेक येऊ द्या. सिनेमाचं नाव थाप पडल्यानंतरच.

पायरी ६: परीक्षा. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा कुणाला तरी दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा: हा कसला सिनेमा आहे? पुढे काय कळायला हवंय? पहिल्याला ‘कौटुंबिक’ असं उत्तर आलं, तर घाबरून रक्त किंवा सुरा घालू नका. डब्यातली रिंग आणखी पाच सेकंद वाजू द्या आणि पुन्हा दाखवा.