गोणपाटावरचा एक्स

बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात संभाव्यता वितरणाची प्रकरणं अगदी शेवटी येतात, म्हणून ती घाईतच उरकली जातात. लातूरला आमचीही तशीच उरकली. सूत्रं पाठ, उदाहरणं पाठ. पुढे बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं आणि पहिल्याच चाचणीत वीसपैकी चार मिळाले. एका प्रश्नात विचारलं होतं, "इथे एक्स म्हणजे काय?" मी लिहून आलो, "अज्ञात संख्या."

बीजगणितातला एक्स लपलेला असतो, तो हुडकायचा. संख्याशास्त्रातला एक्स म्हणजे रँडम व्हेरिएबल, प्रयोगाच्या निकालाप्रमाणे बदलणारी संख्या. तो तसा नाही, हे मला कळलं ते औसा तालुक्यातल्या आमच्या घरी, मे महिन्यात.

पेरणीआधी आण्णा घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवडाभरात उलगडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले की बी चांगलं. त्या वर्षी मोजायला मी बसलो. ओळीगणिक आकडे आले: 7, 8, 6, 9, 7, 5, 8, 7, 6, 8. एकूण 71.

"काय लिहायलास एवढं?" आण्णांनी विचारलं. मी वहीत एक वाक्य लिहीत होतो: एक्स म्हणजे दहा दाण्यांच्या ओळीतले उगवलेले दाणे. बी तेच, माणूस तोच, तरी दर ओळीला एक्स वेगळा. त्याची मूल्यं 0 ते 10, मधे साडेसात नाही, म्हणून तो डिस्क्रीट. पाऊस किती मिलिमीटर पडला ते कंटिन्युअस, तिथे मधलं कुठलंही मूल्य चालतं. पावसाचे दिवस किती ते डिस्क्रीट. (हवामान खात्याच्या हिशेबात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. आमच्याकडचं भुरभुरणं त्यात धरत नाहीत.)

वितरण म्हणजे प्रत्येक मूल्याला किती वाटा मिळतो त्याचा तक्ता. सगळ्या वाट्यांची बेरीज 1 आली नाही तर पुढचं गणित करूच नका, आधी चूक शोधा. एक दाणा उगवायची शक्यता 0.7 धरली तर बायनोमिअलने (ठरावीक प्रयोगांत किती यशस्वी होतील, त्याचं वितरण) दहात बरोबर सात उगवायची शक्यता येते सुमारे 0.27. सरासरी सात, म्हणजेच अपेक्षित मूल्य सात, आणि तरीही चारातल्या जवळपास तीन ओळींत सात येणारच नाहीत! इथे मी बराच वेळ अडलो होतो. 'अपेक्षित' या शब्दाने फसू नका. फाशाचं अपेक्षित मूल्य साडेतीन आहे, आणि साडेतीन कुठल्याच फाशावर नसतं.

ती पाचाची ओळ पाहून चुलते म्हणाले होते, "बी गेलं की रे." पाच किंवा कमी येण्याची शक्यता 0.15 आहे. दहा ओळींत अशी एखाद-दुसरी ओळ निघायचीच. प्रसरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, 2.1, त्याचं वर्गमूळ साधारण दीड. म्हणजे सातापासून दीड-दोन दाणे इकडेतिकडे होण्यात नवल नाही. हे सूत्राच्या आकड्यांतून मला कधी दिसलंच नव्हतं.

नव्याने शिकणाऱ्यांनी बायनोमिअलच्या अटी मात्र पाठ करण्याऐवजी तपासाव्यात: प्रयोगांची संख्या ठरलेली, निकाल दोनच, एका दाण्याचा दुसऱ्यावर परिणाम नाही, आणि शक्यता सगळ्यांना सारखी. शेवटची अट मी नेहमी वाचून सोडून द्यायचो. मग चुलत्यांच्या गोणपाटावर आकडे आले 9, 9, 8, 9, 9, 3, 2, 4, 3, 2. एकूण 58, पण पाच, सहा, सात एकाही ओळीत नाहीत. 0.58 धरून तक्ता केला, तर त्यात सगळ्यात मोठे वाटे नेमके पाच, सहा, साताचेच.

चुलत्यांना विचारलं, दाणे कुठले घेतले?

"पहिल्या पाच ओळी एका पोत्यातल्या," ते म्हणाले. "बाकीच्या दुसऱ्यातल्या. ते पोतं ट्रॅक्टरवरून पडलं होतं."