गाडीला पाणी लागलं आणि इंजिनचा दिवा लागला, तर काय करावं

रात्री चोर्ला घाट चढून, जांबोटीमार्गे गाडी बेळगावला नीट पोचते. सकाळी सेल्फ मारला की डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा. खानापूर तालुक्यातला आषाढ ज्यांनी पाहिलाय, त्यांना यात नवल वाटणार नाही. माझ्या पेट्रोल गाडीला हे दोनदा झालं, एकदा कणकुंबीच्या पावसात आणि एकदा इंजिनवर प्रेशरनं पाणी मारून धुतल्यावर. दुसऱ्या वेळी एका गॅरेजमध्ये दिवा नुसता विझवून दिला. तिसऱ्या दिवशी तो परत लागला, कारण पाणी होतं तिथंच होतं. म्हणून दिवा घालवायच्या मागं न लागता आधी पाणी कुठं शिरलंय ते शोधायचं.

सगळ्यात आधी दिव्याकडे नीट बघा. स्थिर पेटलाय की लुकलुकतोय? स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल, गाडी थरथरत असेल, मिस्त्री म्हणतात तसं ‘मिसिंग मारत’ असेल, तर बाजूला घेऊन बंद करा. त्या वेळी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नसतं. ते कच्चंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्या उष्णतेनं आतली जाळी वितळू शकते. पाचशे-हजारात भागणारं काम तिथून कित्येक हजारांवर जातं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र एक किलोमीटरही पुढं जाऊ नका.

गाडी पाण्यातच बंद पडली असेल तर सेल्फ मारू नका. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बंगळूर महामार्गावर आलं होतं. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या आसपास तर दर मोठ्या पावसात पाणी तुंबतं. अशा पाण्यात हवेच्या पाइपातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की हवा दाबली जाते तसं ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा. नेहमीच्या विमा पॉलिसीत असं बिघडलेलं इंजिन बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं आणि पाण्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारला असेल तर तिथंही दावा अडू शकतो.

बाहेर काढल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर निम्मी काळजी मिटली. ओला असेल तर पुढचं काम मिस्त्रीवर सोडा. ऑइलची पट्टीही ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी मिसळलंय, आणि ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

फिल्टर आणि ऑइल ठीक असेल, तर पाणी बहुतेक वायरिंगच्या वाटेनं गेलेलं असतं. पेट्रोल गाडीत पहिला संशय स्पार्क प्लगच्या खड्ड्यावर. इग्निशन कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. खड्ड्यात पाणी असलं की ती वीज प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडण्याऐवजी बाजूच्या धातूत उतरते. तो सिलिंडर चुकला की इंजिनच्या फिरण्यात बारीक झटका बसतो, गाडीचा कॉम्प्युटर तो झटका मोजतो आणि दिवा लावतो. दुसरी जागा म्हणजे सेन्सरचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे खटके. त्यांतून पाचेक व्होल्टचे संदेश जातात, त्यामुळं दोन पिनांमध्ये थेंबभर ओल आली तरी आकडा चुकतो. तिसरा ऑक्सिजन सेन्सर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा. तो चांगलाच तापलेला असताना त्यावर एकदम गार पाणी उडालं तर आतलं सिरॅमिक तडकतं, आणि तो वाळवून सुधारत नाही, बदलावाच लागतो. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतात, तिथं हवेचा सेन्सर आणि कपलर आधी बघायचे.

वाळवण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या, कारण बॅटरीची तार काढली की बऱ्याच गाड्यांतले कोड पुसले जातात. बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे बिघाड तपासायचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा साधा स्कॅनर तिथं लावला की मोबाइलवर कोड दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाचा सिलिंडर चुकतोय, पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त. पी०१३५ आला तर ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कॉइल उचलून आधी खड्ड्यातलं पाणी हवेच्या झोतानं काढा, त्यानंतरच प्लग खोला. उलट केलंत तर तेच पाणी सिलिंडरमध्ये पडेल. कपलर एकेक सोडवून झटका, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा, हिरवट गंज दिसला तर मिस्त्रीला दाखवा. आपल्याकडं जुलैत ऊन मिळत नाही, म्हणून केस वाळवायचा ड्रायर कोमट हवेवर ठेवून लांबून फिरवा. फार गरम हवेनं प्लास्टिक वाकतं.

आता गाडी सुरू करून रोजच्यासारखी चालवा. दोष खरंच गेला असेल तर साधारण तीन फेऱ्या नीट झाल्यावर दिवा आपोआप विझतो. परत तोच सिलिंडर दाखवला, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून बघा. कोडही कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लग किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बघायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीनं ‘ओळग नीर होगेत्री’ (आत पाणी गेलंय) असं कानडीत म्हणत मला हे करून दाखवलं आणि चारऐवजी एकाच कॉइलचे पैसे घेतले.

गाडी धुवायला दिली की बॉनेट उघडण्याआधीच पोराला सांगा, इंजिनवर गन मारू नको, ओल्या फडक्यानं पूस.