सिगार एका बाजूने जळते? या चुका टाळा

सिगारची एक बाजू बोटाच्या पेराएवढी पुढे जळून गेली आणि दुसरी तशीच मागे राहिली, की बहुतेक जण आधी सिगारला दोष देतात आणि मग लायटर काढतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी पाहिलेल्या अशा तिरक्या जळण्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा सिगार पेटवण्याच्या कितीतरी आधी, ती ज्या डब्यात ठेवली होती त्या डब्यात सापडते. लायटरने ते झाकता येते, दुरुस्त करता येत नाही.

हाताने वळलेल्या सिगारमध्ये मधले भरण, त्याला आवळून धरणारे पान आणि वरचे देखणे पान असे तीन थर असतात. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची पाने जाड, तेलकट आणि सावकाश जळणारी असल्यामुळे ती भरणाच्या मधोमध घालतात, तर खालची पातळ पाने पटकन पेट घेतात. हे सगळे थर एका गतीने जळले तरच विस्तवाची कड सरळ राहते आणि ती गती बिघडवायला ओलीइतके दुसरे काही पुरत नाही. निपाणीचा तंबाखू विडीचा, सिगारचा नव्हे. पण तिथल्या वखारीत काम केलेल्या माणसाला पान चिमटीत धरले की त्यातली ओल कळते आणि सादळलेला माल पेटत नाही हे त्याला सांगावे लागत नाही. पान कसे जळणार हे काही अंशी शेतातच ठरते. ज्या पानात क्लोराइड जास्त, ते धड जळत नाही, म्हणून तंबाखूला क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे खत न घालता सल्फेट ऑफ पोटॅश घालतात. अर्थात, सिगार आपल्या हाती येते तेव्हा त्यातली एकच गोष्ट आपल्या ताब्यात उरलेली असते, ती म्हणजे ओल.

परदेशातली सूचना आषाढात पाळणे

खानापूरकडे राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या पुतण्याने आखातातून येताना सिगारची पेटी आणली. सिगार कोरडी पडू नये म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवावा, असे त्याने कुठेतरी वाचले होते. ही सूचना वाळवंटातल्या किंवा थंडीत हीटर लावलेल्या घरांसाठी ठीक आहे. आषाढात, जिथे डब्याबाहेर काढलेला पापड तासाभरात सादळतो आणि भिंतींना ओल धरते अशा घरात, त्याने तो स्पंज नळाच्या पाण्याने भिजवून पेटीत ठेवला आणि झाकण घट्ट लावले. मी गेलो तेव्हा स्पंजाच्या बाजूची प्रत्येक सिगार फुगलेली होती, एकीचे वरचे पान सिगारभोवतीच्या कागदी पट्टीपाशी उभे चिरले होते आणि पेटवलेली सिगार स्पंजाकडच्या अंगाला जळतच नव्हती. "काका, मालच खराब लागला," असे म्हणत तो त्या अंगाला पुन्हा पुन्हा लायटर लावत होता. वरचे पान कोळशासारखे झाले होते आणि धूर कडू येत होता, पण आतले भरण ओलेच होते.

स्पंज काढून टाक आणि पेटीला हात लावू नकोस, एवढेच मी त्याला सांगितले. त्याला मात्र त्याच रात्री निकाल हवा होता. त्याने काही सिगार पंख्याखाली ठेवल्या. त्यांचे वरचे पान वाळून तडकले, आत ओल तशीच राहिली आणि त्या वाया गेल्या. उरलेल्या आम्ही हवाबंद डब्यात घातल्या आणि सोबत ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पुड्या ठेवल्या, ज्या जास्तीची ओल शोषून घेतात आणि कमी पडली तर परतही देतात. त्या सिगार दसऱ्याला काढल्या तेव्हा कड सरळ जळत गेली. आत मुरलेली ओल बाहेर यायला आठवडे लागतात. त्याला कोणताही जवळचा रस्ता नाही आणि तसा रस्ता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की जून ते सप्टेंबर पाण्याचा थेंबही डब्यात जाऊ देत नाही आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी सुरू झाल्या की पुड्या बदलून ६९ टक्क्यांच्या ठेवतो. पाणी वापरायचेच असेल तर ते ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असावे, कारण नळाच्या पाण्याने बुरशीला वाव मिळतो. डब्यातल्या आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवावे, टोपण आणि मापक हवाबंद पिशवीत एकत्र ठेवावे आणि एक पूर्ण दिवस थांबावे. ओल्या मिठाशेजारी काट्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. दाखवत नसेल, तर जेवढा फरक येईल तेवढा दर वाचनात धरावा. किमती पेट्या घेणारे लोक ही मिठाची परीक्षा घ्यायचा कंटाळा करतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

घाईने पेटवणे

दुसरी चूक पेटवतानाची आहे. सिगारेटसारखी तोंडात धरून, ज्योत टोकाच्या एका कडेला लावून जोराने ओढले की ती कड पुढे पळते आणि मग ती शेवटपर्यंत हाती लागत नाही. सिगार हातात तिरकी धरावी, ज्योत टोकाच्या खाली बोटभर अंतरावर ठेवावी आणि सिगार गोल फिरवत तिच्या संपूर्ण तोंडाला आच द्यावी. सगळीकडे बारीक राख दिसू लागली की मगच ओठांत धरून हलके ओढावे. त्यानंतर टोक आपल्याकडे वळवून त्यावर हलकी फुंकर मारावी, म्हणजे निखारा कुठे धगधगतो आणि कुठे काळा डाग राहिला आहे ते स्वच्छ दिसते. काळ्या जागेला पुन्हा आच द्यावी. काडी वापरत असाल तर तिचे गंधक पूर्ण जळू द्यावे. पेट्रोलच्या लायटरचा वास पानात उतरतो, म्हणून तो टाळावा. जोरदार निळ्या ज्योतीचा लायटर नवख्यांना फार आवडतो, पण त्याने वरचे पान बाजूने करपते. मी तो फक्त वाऱ्यात वापरतो.

वाऱ्याचा मुद्दा आपल्याकडे लहान नाही. २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असल्यामुळे बहुतेक जण गच्चीवर जातात आणि बेळगावच्या गच्चीवर संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतोच. वाऱ्याकडची बाजू जास्त हवा मिळाल्याने भराभर जळते. कठड्याच्या आडोशाला बसावे आणि सिगार मधूनमधून फिरवत राहावे.

कड थोडी तिरकी झालीच, तर मागे राहिलेली बाजू खाली करून सिगार धरावी. खालून हवा मिळून ती बाजू बहुतेक वेळा आपणच गाठते. फरक वाढला तर त्याच बाजूला, न ओढता, ज्योत स्पर्श न होईल इतक्या अंतरावर धरावी. पुढे गेलेल्या बाजूला ओलसर बोट लावणारेही आहेत. मी ते करत नाही, कारण पान तिथे फुगते.

मिनिटाला एक झुरका पुरेसा असतो. त्याहून भराभर ओढल्यास सिगार तापून तिरकी जळते आणि फार थांबल्यास विझू लागते. धूर छातीत ओढल्याने जळणे सुधारत नाही, शरीराची हानी मात्र वाढते. न ओढताही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका असतोच.

राख सारखी झटकू नये.

आतले भरण जळून पोकळी पडली आणि वरचे पान नळीसारखे उभे राहिले, तर बाहेरून आच देऊन उपयोग होत नाही. राख पाडून पोकळ भाग कापून टाकावा आणि पहिल्यापासून नीट पेटवावी. कापल्यावरही आत गाठ लागत असेल आणि ओढ बसत नसेल, तर तो वळणाऱ्याच्या हाताचा दोष आहे. ती सिगार सोडून द्यावी.

राहिली कीड. वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसली, तर ती तंबाखूच्या भुंग्याची असतात. त्यातून हवा शिरून जळणे तिथेच वाकते. डब्यातले तापमान २५ अंशांच्या वर गेले की त्याची अंडी उबतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते सहज होते. भोक पडलेल्या सिगार वेगळ्या काढून फेकाव्यात. बाकीच्या हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि पिशवी न उघडता खोलीच्या तापमानावर येऊ द्याव्यात, नाहीतर थंड पानांवर दव धरते. त्या परत ठेवण्याआधी रिकामा डबा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.